सुटलेला सराव, उतरलेला हात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत चोवीस वर्षं मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवलं. २०१९ पासून एक वही ठेवते. सराव बंद पडल्यावर कुठलं कसब किती उतरलं, याची ती वही. जुने विद्यार्थी, त्यांचे आईवडील, शेजारपाजारचे लोक तिच्याबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रश्नांना आकडे दिलेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही.

१. ही वही म्हणजे नेमकं काय? रोजनिशीच ना?

नाही. रोजनिशीत आपण काय केलं ते लिहितो. या वहीत जे करणं सुटलंय ते लिहायचं. एका कसबाला एक पान. वर कसबाचं नाव, शेवटचा नियमित सराव कधी झाला ते, आणि त्यावेळी किती येत होतं तो आकडा. मग ठरावीक महिन्यांनी तीच चाचणी द्यायची आणि नवा आकडा खाली मांडायचा.

सुरुवात महापुरात झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, यावरून अंदाज करा. आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. दूध आणि पिण्याचं पाणी घेऊन नाव आली. नावेतल्या मुलाने दोरी वर फेकली आणि ओरडला, "काकू, कठड्याला बांधा, सरकणार नाही अशी बांधा!" न सरकणाऱ्या फाशाची ती गाठ मी कॉलेजात एनसीसीत शिकले होते. डोळे मिटून मारायचे, स्पर्धेत बक्षीसही मिळालं होतं. त्या दिवशी हातात ओली दोरी होती, एक वेढा घेतला, आणि पुढे टोक वरून घालायचं की खालून, काही केल्या सुचेना. शेवटी शेजारच्यांनी चार साध्या गाठी एकावर एक मारल्या. नाव टिकली. पण ही गाठ आपल्याला येते, असं मी त्या सकाळपर्यंत ठामपणे सांगितलं असतं. ते माझ्या मनातून आजही जात नाही.

२. सराव सुटला की येईनासं होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मोजायची काय गरज?

कारण कसब उतरतं त्या वेगाने आपला भरवसा उतरत नाही. गाठीचं तेच झालं. क्लासचे जुने विद्यार्थी भेटायला यायचे तेव्हा मी त्यांना मशीनवर बसवायचे. एकाने मराठी ४० ची, म्हणजे मिनिटाला ४० शब्दांची, परीक्षा पास केली होती. मधली सहा वर्षं तो दुकानात होता. बसण्याआधी म्हणाला, "मॅडम, पस्तीस तरी पडेल." पडले १९, आणि चुका वेगळ्या. खोटं बोलत नव्हता तो. आपण शेवटच्या चांगल्या दिवशी जसे होतो, तसेच स्वतःला आठवत राहतो. मधल्या उताराचा कुणी साक्षीदार नसतो, म्हणून वही.

३. किती दिवसांत किती जातं? एखादं कोष्टक आहे का?

सगळ्या कसबांना लागू पडेल असं कोष्टक नाही. पण उताराचा आकार बहुतेक ठिकाणी सारखा दिसतो. सुरुवातीला कडा असतो, पुढे माळ लागतो.

हे प्रथम मोजलं ते जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउस यांनी. १८८५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले. काही अर्थ नसलेल्या अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, थोडा काळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडले ते मोजायचं. २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के कष्ट वाचायचे, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे पहिल्या दिवसात जेवढं गेलं, त्यापुढे पुढच्या महिन्याभरात गेलेलं किरकोळ.

हे आकडे निरर्थक अक्षरांचे आहेत, तुमच्या पोहण्याला किंवा शिवणकामाला लावू नका. मला त्यांची मोजायची पद्धत मोलाची वाटते. "आठवतं का?" असं त्यांनी विचारलं नाही, "परत मिळवायला किती लागलं?" असं विचारलं. मी माझ्या वहीत त्याला परतीचा वेळ म्हणते. प्रश्न ५ मध्ये तो पुन्हा येईल.

४. सायकल आणि पोहणं आयुष्यभर विसरत नाही म्हणतात. मग प्रथमोपचार, गाठी, फॉर्म भरणं हे कसं विसरतं?

सायकलवर प्रत्येक क्षणी तोल तुम्हाला सांगत असतो, डावीकडे झुकलास, सावर. एका हालचालीतून पुढची निघते. अशी सलग कसबं फार टिकतात. गाठ, प्रथमोपचार, यंत्र सुरू करण्याचा क्रम यांत मात्र सुटे टप्पे असतात. तिसरा टप्पा झाला म्हणून चौथा कोणता हे हाताला कळत नाही, तो आठवावाच लागतो. साखळीतली एकच कडी निसटली तरी पुढचं सगळं अडतं. माझ्या गाठीत कडी निसटली होती ती एकच.

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देण्याचं शिक्षण घ्या. मोठ्या माणसासाठी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. आकडे पाठ राहतात, पण हात लवकर उतरतो. प्रशिक्षणानंतर तीन ते सहा महिन्यांतच खोली आणि वेग बिघडलेले दिसतात, हे अनेकदा तपासलं गेलंय. प्रवासी घेऊन उडायचं तर वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी केलेल्या असाव्यात, असा नियम बऱ्याच देशांत आहे. तो उगाच केलेला नाही.

पोहण्याबद्दल मात्र सांगलीकरांना हात जोडून सांगते. हात मारायचं विसरत नाही, दम विसरतो. तालमीतले जुने पैलवानही हेच सांगतात, डाव सगळे आठवतात, दमसास राहत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या खेळाडूंचा व्यायाम ८४ दिवस बंद ठेवून त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजली. पहिल्या तीन आठवड्यांतच ती ७ टक्क्यांनी घसरली आणि आठ आठवड्यांपर्यंत १६ टक्क्यांवर जाऊन स्थिरावली. शाळेत असताना पूर आला की पुलावरून उडी मारायचो, म्हणून चाळिशीत मुलांना दाखवायला नदीत उतरू नका. आधी तरण तलावात, उथळ बाजूला, कुणाला तरी काठावर उभं करून किती अंतर जातं ते मोजा.

५. चाचणी घ्यायची कशी? घरच्या घरी जमेल?

जमेल. वही, पेन आणि घड्याळ एवढंच लागतं. तीन रकाने करा.

पहिला रकाना "कोरा हात". म्हणजे अंग गरम न करता, पुस्तक न चाळता, बसल्या बसल्या पहिला प्रयत्न. वेळ किंवा चुका, जे मोजता येईल ते लिहा. आकडा लाजिरवाणा आला तरी खोडायचा नाही. पुरात दोरी हातात आली तेव्हा मला सराव करायला कुणी वेळ दिला नव्हता. प्रसंग येतो तो कोऱ्या हातावरच येतो.

दुसरा रकाना "दहा मिनिटांनी". दहा मिनिटं हात चालवायचा आणि तीच चाचणी पुन्हा. या दोन आकड्यांतलं अंतर फार बोलकं असतं. माझ्याकडे आलेल्या त्या दुकानदार मुलाचे १९ दहा मिनिटांत २७ झाले. याचा अर्थ बरंचसं गेलेलं नव्हतं, फक्त हात आखडला होता. पहिला आकडा पाहूनच "सगळं गेलं" म्हणून उठणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत. दुसऱ्या आकड्यापर्यंत थांबा.

तिसरा रकाना "परतीचा वेळ". जुन्या पातळीवर यायला एकूण किती मिनिटं, तास किंवा दिवस लागले. प्रत्येक वेळी हे मोजायलाच हवं असं नाही. ते कसब खरंच परत हवं असेल तेव्हाच भरा.

चाचणी दर वेळी तशीच हवी. टायपिंगला तेवढ्याच अवघड उताऱ्यावर तितकीच मिनिटं, भाकरीला तेवढंच पीठ, तबल्याला तोच कायदा (बोलांची ठरलेली रचना) त्याच लयीत. मधे चाचणी बदलली की आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

६. पण चाचणी दिली की तोच सराव झाला. मग उतार खरा कसा कळणार?

सगळ्यांत चांगला प्रश्न हा, आणि याचं पूर्ण उत्तर नाही. आठवण्याचा प्रयत्न केल्यानेच आठवण पक्की होते. दर महिन्याला गाठ मारून पाहिलीत तर तुम्ही विसरण्याचा नव्हे, महिन्यातून एकदा सराव करण्याचा परिणाम मोजताय.

वाटून घेता येतं तिथे वाटून घ्या. मी मोडी वाचायला शिकले तेव्हा साध्या पत्रांच्या बारा झेरॉक्स वेगवेगळ्या पाकिटांत घातल्या. दर चाचणीला एक नवं पाकीट फोडते, पंधरा ओळी वाचते, अडलेली अक्षरं मोजते. एकदा उघडलेलं पाकीट पुन्हा वापरायचं नाही. श्लोक, शब्द, पाककृती, नकाशे यांनाही हे जमतं. पोहणं किंवा सायकल अशी वाटून घेता येत नाही. तिथे चाचणी कमी वेळा घ्या आणि तिच्या तारखेपुढे "सराव" असंच लिहा.

७. दोन चाचण्यांमध्ये किती अंतर ठेवू?

सराव सुटल्यापासून एक महिना, तीन महिने, सहा महिने, वर्ष. नंतर वर्षातून एकदा. उतार आधी कडा आणि मग माळ (प्रश्न ३), म्हणून सुरुवातीला नोंदी दाट हव्यात. जीव वाचवणाऱ्या कसबांना हे लागू नाही, ती तीन महिन्यांच्या आतच बघा.

८. लहानपणचे पाढे आणि रामरक्षा अजून पाठ, पण गेल्या वर्षी केलेला कोर्स साफ गेला. असं का?

पाढे तुम्ही पाठ झाल्यावरही कित्येक वर्षं म्हणत राहिलात. यायला लागलं तिथे थांबला नाहीत. कोर्स मात्र परीक्षेच्या दिवशी जेमतेम आला आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटलं. येऊ लागल्यानंतर जो जादा सराव होतो तोच पुढे वर्षानुवर्षं साथ देतो.

हॅरी बाहरिक या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये सातशेहून अधिक लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. हे लोक शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेले होते, काहींना शिकून पन्नास वर्षं झाली होती. पहिली तीन ते सहा वर्षं घसरण झाली, आणि त्यानंतर जे उरलं ते पंचवीस-तीस वर्षं जवळपास हललं नाही. मूळ शिक्षण ज्यांचं खोल होतं, त्यांचं उरलेलंही जास्त होतं. म्हणून क्लासमध्ये ३० चा वेग आला की मी मुलांना ४० पर्यंत ओढायचे. परीक्षेला ३० च पुरायचे, पण वरचे दहा पुढच्या वर्षांसाठी असायचे.

९. माझं आजोळ जतकडचं. कन्नड सगळं कळतं, बोलायला गेलं की शब्द फुटत नाही. भाषा गेली म्हणायची का?

गेलेली नाही. ओळखणं आणि स्वतःहून काढणं ही दोन वेगळी कसबं आहेत, आणि दुसरं आधी उतरतं. वहीत दोन पानं करा. एका पानावर कुणी पाच मिनिटं बोललं त्यातलं किती कळलं ते, दुसऱ्यावर तुम्ही एका विषयावर न थांबता किती वेळ बोललात ते. मामीशी आठवडाभर मराठी न वापरता बोलून बघा. दुसऱ्या पानाचा परतीचा वेळ पहिल्यांदाच शिकणाऱ्यापेक्षा कितीतरी कमी येतो. मोडीचंही असंच, वाचता येतं आणि लिहिता येत नाही.

१०. मी मिरजेच्या सतार-तानपुऱ्याच्या घरातला. जवारी काढायचं दहा वर्षांपूर्वी सोडलं. आता हात उतरलाय की कान, कसं ओळखू?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीने अगदी हलक्या हाताने असा उतरता करायचा की तार सुटताना त्याला चाटून जाईल आणि सूर गुंजत राहील. एक घास जास्त बसला तर आवाज बसतो, कमी पडला तर उघडा राहतो. मी एकदा मिरजेत एका कारागिराजवळ तासभर बसले होते. दोन वेळा घासायचं, पावडर फुंकरायची, तार परत घोडीवर घ्यायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. तारेखाली दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा आणि आवाज कुठे उघडतोय ते शोधायचं. त्या तासात घासण्यापेक्षा ऐकणंच जास्त चाललं होतं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागे हे कान आहेत.

तुमच्यासाठी चाचणी दोन भागांत. आधी कानशीला हात लावायचा नाही. घरातल्या कुणाला चार तानपुरे छेडायला सांगा, पाठ करून बसा, कुठली जवारी चांगली, कुठली बसलेली, बसली असेल तर घोडीच्या कुठल्या बाजूला, ते सांगा. किती बरोबर आले ते लिहा. मग एखाद्या टाकाऊ घोडीवर हात चालवा आणि किती फेऱ्यांत आवाज उघडला ते मोजा. माझा अंदाज असा की कान बराचसा टिकला असेल आणि हाताचा दाब जड झाला असेल, पण माझ्या अंदाजावर जाऊ नका. आणि गिऱ्हाइकाच्या वाद्यावर पहिली चाचणी मुळीच घेऊ नका.

११. नवीन शिकलं की जुनं पुसलं जातं का? मी रेमिंग्टनवरून इन्स्क्रिप्टवर आले आणि दोन्ही बिघडलं.

पुसलं जात नाही, आडवं येतं. या दोन्ही कीबोर्डवरच्या अक्षरांच्या वेगवेगळ्या मांडण्या. रेमिंग्टनमध्ये "क" डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. बोट तेच, हात उलटा. अशा जोड्या सगळ्यांत जास्त भांडतात. आधी एक पूर्ण घट्ट करा, मगच दुसरं हातात घ्या. दोन्ही लागत असतील तर एकाच बैठकीत मिसळू नका, सकाळी एक, संध्याकाळी दुसरं. वहीत अशा चुकीपुढे "जुनं आडवं आलं" असं लिहा, म्हणजे ती विसरण्यात मोजली जाणार नाही.

१२. वडील सत्तरीचे आहेत. हे वयाने होतंय की सराव नसल्याने, वहीवरून कळेल?

थोडंफार. दहा मिनिटांनी आणि चार दिवसांनी आकडा वर येत असेल तर बहुधा सरावाचाच प्रश्न आहे. वयाने वेग कमी होतो, परतीचा वेळ वाढतो, पण परत येतं.

एक गोष्ट मात्र वहीच्या बाहेरची आहे. रोज करतात तेच अडायला लागलं, नेहमीच्या बाजारातून घरी येताना रस्ता चुकला, रोजच्या चहात साखर दोनदा पडू लागली, पैशाचा हिशेब अचानक जमेना, तर तो सराव सुटल्याचा परिणाम नाही, कारण सराव सुटलेलाच नाही. तिथे चाचण्या घेत बसू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा.

१३. सगळंच कसं सांभाळणार? काय सोडून द्यावं?

बरंच सोडावं. मी दोन प्रश्न विचारते. हे अचानक लागेल का? आणि परत मिळवायला किती वेळ लागेल? प्रथमोपचार, गाठी, गॅसचा रेग्युलेटर अंधारात बंद करणं, पोहणं ही अचानक लागणारी कसबं, ती उतरू द्यायची नाहीत. लोकरीचा स्वेटर विणणं मी सुखाने सोडलंय, दोन संध्याकाळी बसले की येतं. लघुलेखन सोडताना मात्र जिवावर आलं. शिकायला दोन वर्षं गेली होती. आता ते मला लागत नाही. त्याच्या पानावर शेवटची तारीख घालून खाली रेघ ओढली.

१४. परत मिळवताना सलग दोन दिवस बसू की रोज थोडं?

रोज थोडं, आणि मधली अंतरं वाढवत न्या. वर्षभर टिकवायचं असेल तर दोन उजळण्यांमध्ये साधारण तीन आठवड्यांची फट चांगली पडते. सलग दोन दिवसांनी आकडा झटकन चढतो, पण तेवढ्याच झटकन खाली येतो.

१५. हात प्लास्टरमध्ये आहे. मनातल्या मनात सराव चालतो का?

प्रत्यक्ष सरावाइतका नाही, पण काहीच न करण्यापेक्षा नक्की बरा. तबल्यात बोलांची पढंत म्हणून आहेच. हात न लावता तोंडाने बोल म्हणायचे आणि टाळी-खाली धरायची. वहीत हे दिवस वेगळ्या शाईने दाखवा.

१६. माझ्याकडे जुना आकडाच नाही. वीस वर्षांपूर्वी किती येत होतं काय माहीत! मग सुरुवात कुठून?

आधी घर धुंडाळा. टायपिंगच्या प्रमाणपत्रावर वेग असतो, गाण्याची जुनी कॅसेट असते, शिवलेला एखादा झबला ट्रंकेत असतो. काहीच सापडलं नाही तर तो रकाना कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका. प्रश्न २ मधला मुलगा अंदाजाने पस्तीस लिहिणार होता. आजचा कोरा हात आणि परतीचा वेळ एवढ्यावरही वही चालते.

१७. आणि मॅडम, तुमच्या त्या गाठीचं काय झालं?

हे सगळेच विचारतात. पान असं आहे. ऑगस्ट २०१९, कोरा हात : आली नाही. पाणी ओसरून घर धुवून झाल्यावर, सप्टेंबरात, परतीचा वेळ : बारा मिनिटं. एनसीसीत हीच गाठ शिकायला अख्खी दुपार गेली होती. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, दाराच्या कडीला अडकवलेल्या दोन हात दोरीवर. सुरुवातीला २० सेकंद, मग १४, मग ९. मध्ये हाताला लागलं म्हणून दोन चाचण्या चुकल्या. त्यानंतरची नोंद : कोरा हात १७ सेकंद, एकदा उलटी पडली. दहा मिनिटांनी ८. ओल्या दोरीवर : ११.